भैरोबा अंगणवाडीत बसला

"हात धुतलेस का नुसते पाण्याला दाखवून आलीस?"

सुगराबीनं पायलचं मनगट धरलं आणि तिला परत पिंपापाशी उभी केली. पोरगी चौथ्या वर्षात होती, पण अंगानं अडीचाची दिसायची. हात चोळताना तिचं सगळं ध्यान खोलीत होतं, कारण आत पातेल्यावरचं झाकण निघालं होतं आणि खिचडीचा वास बाहेरपर्यंत सुटला होता. बाकीची पोरं भिंतीला पाठ लावून बसली होती. कुणाची चड्डी घसरलेली, कुणाचं नाक वाहतंय, एकजण शेजारणीची ताटली ओढतोय. सुगराबीनं एकाचं नाक पुसलं, दुसऱ्याच्या पाठीत हलकीशी चापट घातली आणि वाढायला घेतलं.

ठोंबरेवाडीची अंगणवाडी म्हणजे ही एवढी एकच खोली. वाघोलीच्या पुढं, नगर रस्त्यावरून आत वळलं की पहिल्यांदा डंपरची धूळ लागते, मग गाव लागतं. मागं इथं चारी बाजूंनी ज्वारी होती, आता चारी बाजूंनी टॉवर आहेत. खोली बांधली होती ग्रामपंचायतीनं. मग सरकारनं गाव उचलून पुणे शहरात घातलं, पंचायत मोडली, आणि खोली आता कुणाची हे विचारायला गेलं तर हापिसातली माणसं एकमेकांकडं बोट दाखवायची. शहरात गेलो म्हणून गावानं फटाके उडवले होते. सुगराबी म्हणायची, गाव शहरात गेलं खरं, पण शहर काही गावात आलं नाही, त्याचे टँकर तेवढे आले.

आणि गावातली पोरंही अंगणवाडीत येईनाशी झाली. ज्यांनी रानं विकली त्यांची नातवंडं गळ्यात टाय बांधून पिवळ्या व्हॅनमधून इंग्लिश बालवाडीला जायची. अंगणवाडीत उरली ती टॉवर बांधणाऱ्यांची. परभणीची, नांदेडची, तिकडं लांब छत्तीसगडची. शिकवायला वाघोलीहून स्कूटीवर कल्याणीताई यायच्या, त्या सेविका. सुगराबी मदतनीस. झाडायचं, पाणी भरायचं, शिजवायचं, पोरं गोळा करून आणायची आणि परत पोचवायची, हे सगळं तिच्याकडं. त्यातल्या अर्ध्या पोरांच्या आया तिला मावशी म्हणायच्या आणि पोरं आजी.

पायलची आई परभणीकडची. पहिल्या दिवशी पोरीला घेऊन आली तेव्हा तिनं एकच मागणं मागितलं होतं. शिकली नाही शिकली, चालेल. "तेवढी आत ठिवा हिला मावशी. साइटवर जिकडं बघावं तिकडं खड्डे हायती. वर गेले का माजं ध्यान ऱ्हात न्हाई." सुगराबीनं पोरगी काखेत घेतली आणि सांगितलं, जा तू, माझ्या दारातून ही बाहेर पडायची नाही.

आता ही सुगराबी कोण, हे सांगायला पाहिजे. गावच्या मुलाण्याची बायको. मैनुद्दीन होता तोवर भैरोबाच्या जत्रेतला पहिला बकरा त्याच्या हातानं पडायचा. मानच होता तो मुलाण्याच्या घराचा, बापजाद्यांपासूनचा. त्याशिवाय गावात चूल पेटायची नाही. जत्रेच्या दिवशी सुगराबी घर सारवून, नवं लुगडं नेसून पालखीची वाट बघत उंबऱ्यात उभी राहायची, आणि पालखी तिच्या दारात टेकायची. मैनुद्दीन गेल्यावर मुलगा कासिम कंपनीच्या बसवर लागला, हिंजवडीच्या पाळ्या करायला लागला, आणि सुरी खुंटीवर गेली. पण पालखी टेकायची ती टेकायचीच. भैरोबा हिंदूंचा आणि आपण मुलाणी, असा विचार तिच्या डोक्यात कधी शिरला नव्हता. गावचा देव तो तिचा देव.

तर त्या साली चैत्रातली जत्रा झाली आणि गावानं ठरवलं की देऊळ पाडून नवं बांधायचं. शेजारच्या सगळ्या गावांनी बांधली होती, मग ठोंबरेवाडीनं का मागं राहायचं? कमिटी झाली. अध्यक्ष रणजित. आनंदीबाईचा थोरला. जमिनीत पैसा आलेला, हातात कडं, दारात पांढरी गाडी. पण लहानपणी हाच रणजित या अंगणवाडीत सुगराबीच्या हातची खिचडी खाऊन तिच्याच मांडीवर झोपायचा, आणि तिला अजून तो मावशीच म्हणायचा.

आनंदीबाई आणि सुगराबी एकाच साली या गावात नांदायला आलेल्या. विहिरीवर ओळख झाली ती आजतागायत. त्या दिवशी पोरं घरी गेली होती, सुगराबी पातेलं घासत होती, तर आनंदीबाई येऊन पायरीवर बसली आणि पदरानं वारा घ्यायला लागली. देवळाची गोष्ट निघाली. उद्या पाडायला घेणार, म्हणाली, पण देवाला तोवर कुठं ठेवायचं याचा घोळ चाललाय. रणजित म्हणतोय, सिमेंटच्या शेडात ठेवू.

सुगराबीनं पातेलं खाली ठेवलं.

"सिमिटाच्या पोत्यात भैरोबा? काय बोलतीस आनंदे. कुत्री मुततात तितं."

"मग करावं काय? कुणाच्या घरात ठिवला तर बाकीचे रुसत्यात."

आणि इथं सुगराबीच्या तोंडातून ते निघालं. कुणी मागितलं नव्हतं, कुणाच्या मनातही नव्हतं. "ही खोली हाय की. झाडलेली, पुसलेली. आमी चार दिस पोरं माज्या पडवीत बसवू."

आनंदीबाईचे डोळे भरून आले. तिनं पुढं होऊन सुगराबीचे खरकटे हात हातात घेतले. म्हणाली, तुला जे सुचलं ते आमच्या एकाला सुचलं नाही गं. सुगराबीनं कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली. तिला त्या वेळी लई बरं वाटलं होतं. मैनुद्दीन असता तर त्यानंही हेच केलं असतं, असं ती घरी जाताना स्वतःशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत भैरोबा अंगणवाडीत आला. जिथं पोरांची सतरंजी अंथरायची तिथं चौरंग मांडला, त्यावर मुखवटा ठेवला. सीताराम गुरवानं समई लावली. भिंतीवर आंबा, बदक आणि आगगाडी काढलेली होती, त्यावरून भगवं कापड ताणलं. कल्याणीताई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्या मूळच्या शहरातल्या, त्यांचं बोलणं कायम कोरडं. हळूच म्हणाल्या, "सुगराबाई, हे चार दिवस कोणत्या कॅलेंडरातले आहेत, तेवढं विचारून ठेवा."

सुगराबीला तो टोमणा झोंबला. देवाच्या कामात काय वाकडं बोलायचं, म्हणून ती ताईंशी दोन दिवस नीट बोलली नाही.

देऊळ पडलं. नवं मात्र उठेना. आधी साधं बांधायचं होतं, मग कुणीतरी दुसऱ्या गावचं बघून आलं आणि दगडी ठरलं. दगड राजस्थानचा पाहिजे. मग कळस वाढला, मग सभामंडप वाढला, मग म्हणे पायाच पुन्हा घ्यायला लागतोय. पाऊस लागला. पोरं सुगराबीच्या पडवीत बसली होती ती बसलीच. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की कल्याणीताईंचं गाणं त्यांचं त्यांनाच ऐकू यायचं नाही. सून नाजिमा बाळंतीण झालेली, आत मंतशाचा पाळणा, बाहेर ही वीस पोरं. नाजिमा वाईट नव्हती. पहिल्यांदा काही बोलली नाही, मग म्हणाली, अम्मी, हिचा डोळा लागला की बाहेर कुणीतरी रडतं. कासिम रात्रपाळी करून यायचा, उशी कानावर घेऊन पडायचा आणि कुशी बदलत राहायचा.

त्यात ताईंच्या मोबाइलची भानगड. रोजचा पोरांचा फोटो अंगणवाडीच्या जागेवरूनच काढायचा, दुसरीकडून काढला की मोबाइल घेत नाही. म्हणून रोज सकाळी ताई पोरांना रांगेनं चिखलातून खोलीपर्यंत न्यायच्या, बंद जाळीच्या दारापुढं उभं करायच्या, आणि फोटो काढून परत पडवीत आणायच्या. जाळीतून भैरोबा दिसायचा. पोरं आपसूक हात जोडायची. वरच्या बाईंचा ताईंना निरोप आला, प्रार्थनेचे फोटो फार छान येताहेत, असंच चालू ठेवा. ताईंनी तो सुगराबीला वाचून दाखवला आणि दोघी हसल्या. त्यानंतर हसायला काही कारण मिळालं नाही.

कारण नवरात्र संपताच त्याच वरच्या बाई स्वतः आल्या. खोलीत देव बघितला, पडवीत पोरं बघितली, आत पाळण्यातलं पोर रडत होतं तेही ऐकलं. बिचाऱ्या काही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, केंद्राला जागा नाही आणि गावची पोरं नाहीत, अशी केंद्रं आता पलीकडच्यात मिळवणार आहेत. पलीकडचं म्हणजे नगर रस्त्याच्या पलीकडचं. मोठी माणसं तिथं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात, या पोरांना कोण नेणार? बाई म्हणाल्या, खोली मोकळी करून घ्या, मी थांबवून बघते. त्यांच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं, खोटं कशाला बोलायचं.

सुगराबी तशीच उठून रणजितकडं गेली. तो मावशी मावशी करत उठला, तिला खुर्चीत बसवलं, पोराला सरबत आणायला सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मावशी, माझ्या मनात असतं तर आत्ता हलवला असता. पण बसलेला देव अध्येमध्ये उठवायचा म्हणजे गावात काही बरंवाईट झालं की माझ्या डोक्यावर. नव्या देवळात जाईल तेव्हाच उठेल. आणि देऊळ कधी होणार विचारलं, तर त्यानं वर आभाळाकडं हात केला.

मग तिनं आनंदीबाईला गाठलं. इतकी वर्षं एकमेकींच्या घरात चुलीपर्यंत जायच्या, पण त्या दिवशी आनंदीबाई दाराची चौकट धरून उभी राहिली. सुगराबीनं पदर पसरला नाही एवढंच. म्हणाली, परभणीच्या बाईची पोर हाय गं, तिला मी शब्द दिलाय. तिची आई पोरगी साइटवर न्यायला लागली तर काय व्हईल?

आनंदीबाई रडायलाच लागली. तिला खरोखरच वाईट वाटत होतं. पण म्हणाली, "सुगरे, त्येला हितं बोलावलास तू. आता मी त्येला जा कसं म्हणू?"

 सुगराबीचंही तेच मत होतं. हीच तर सगळी पंचाईत होती. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, काय देवबीव घेऊन बसलाय, पोरांना बसायला जागा नाही. पण तिच्या तोंडून ते निघणार नव्हतं. ती एवढंच म्हणाली, की मग त्यालाच विचारा. कौल लावा. तो म्हणाला राहतो तर राहू दे, जातो म्हणाला तर न्या.

आनंदीबाईला ते पटलं. तिनं पोराच्या मागं लागून लागून कौल लावायला भाग पाडलं. रविवारी सकाळी सगळा गाव खोलीपुढं जमला. कौल म्हणजे काय, तर देवाच्या मुखवट्याला उजवीकडं एक आणि डावीकडं एक अशा फुलाच्या कळ्या पाण्यानं चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सीताराम गुरवानं कळ्या लावल्या आणि हात जोडून विचारलं, बाबा, तुझं देऊळ व्हायला अवकाश आहे, तोवर दुसरीकडं जातोस का? जातोस तर उजवी दे, इथंच राहतोस तर डावी दे.

सुगराबी बायकांच्या मागं उभी होती. तिनंही हात जोडले होते. मनात म्हणत होती, तुला मीच आणला, माझी लाज राख, पोरांची जागा दे.

कळी पडेना. ना उजवी ना डावी. ऊन चढलं. माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागली. कुणी मोबाइल बघायला लागला, कुणी तंबाखू मळायला. सीतारामनं पुन्हा विचारलं. देव गप्प. रणजितला खराडीला कुणाला तरी भेटायला जायचं होतं, तो सारखा घड्याळ बघत होता. शेवटी म्हणाला, "बोलत न्हाई म्हंजी त्येच्या मनात जायचं न्हाई. जायचं असतं तर बोलला असता. काय सीतारामकाका?"

सीताराम म्हणाला, रीत अशी आहे की कळी पडेपर्यंत बसायचं. मग त्याला दिवसभर लागो. पण हे तो हळू आवाजात म्हणाला, आणि ज्यांनी ऐकलं त्यांनीही न ऐकल्यासारखं केलं.

तेव्हा सुगराबी पुढं आली. म्हणाली, थांबा की जरा, म्हातारा बरोबर बोलतोय. कळी पडू द्या. मी बसते हितं.

सौरभ म्हणून रणजितच्या चुलत्याचा मुलगा होता. नव्या दमाचा, फ्लेक्सवर फोटो असणारा. तो काही भांडणाच्या सुरात बोलला नाही. अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "काकू, तुम्ही नका ना पडू यात. आमच्या देवाचं आहे हे, आम्ही बघतो."

कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून सुगराबी थांबली. ज्यांच्या दारात तिनं जत्रेतल्या बकऱ्याचं, कंदुरीचं जेवण पोचवलं होतं ती सगळी माणसं तिथंच होती. रणजित मान खाली घालून गाडीची किल्ली बोटात फिरवत होता. आनंदीबाईनं तोंडाला पदर लावला होता. सीताराम समईची वात सारखी करत होता, ती सारखीच होती तरी. माणसं पांगली, रणजितची गाडी गेली, आणि सुगराबी चपला पायात घालून घराकडं निघाली. ती गेल्यावर दुपारी उजवी कळी पडली, असं सीतारामची बायको पुढं कुणाकुणाला सांगायची. पण ते बघायला तेव्हा कुणी नव्हतं आणि विचारायला कुणी गेलंही नाही.

अंगणवाडी पलीकडं गेली. कल्याणीताई गेल्या. जाताना सुगराबीचा हात धरून म्हणाल्या, सांभाळा, आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात तिरकस काही नव्हतं. तिकडं मदतनीस आधीच होती, त्यामुळं सुगराबीला घरीच बसावं लागलं. पोरं जिकडची तिकडं झाली. पडवीला कासिमनं भिंत घातली आणि मोबाइलवर मागवलेलं जेवण घरोघर पोचवणारी पोरं तिथं भाडेकरू ठेवली. नाजिमा मॉलमध्ये कामाला लागली, मंतशा आजीच्या ओटीत.

पायलला मात्र तिनं सोडलं नाही. दिलेला शब्द होता. मंतशा आणि पायल दोघींना ती घरात सांभाळायला लागली. थोडे दिवस बरं चाललं. मग एका सकाळी ती मंतशाला पायावर घेऊन अंघोळ घालत होती, अंगाला साबण, आणि पायल दाराची कडी ढकलून बाहेर गेली. बाहेर रस्त्यावर काँक्रीटचा मिक्सर करकचून ब्रेक लागून उभा. ड्रायव्हर खाली उतरून हिची आई कुठाय म्हणून ओरडत होता, पोरगी चाकापुढं उभी राहून त्याच्याकडं बघत होती. तिला काही लागलं नाही.  पण दोन पोरी आपल्यानं होत नाहीत, वय झालं, हे सुगराबीला त्या दिवशी कळलं. पायलची आई संध्याकाळी आली, सगळं ऐकलं, रागाचा एक शब्द बोलली नाही. म्हणाली, ऱ्हाऊ द्या मावशी, माज्या डोळ्याम्होरं तरी ऱ्हाईल.

आणि तिला काम मिळालं होतं ते भैरोबाच्या नव्या देवळावरच. पाया एकदाचा झाला होता, भिंती उठायला लागल्या होत्या.

थंडीच्या दिवसांत एकदा नाजिमाला सुट्टी होती, तेव्हा सुगराबीनं डब्यात खिचडी घातली, वर तूप सोडलं आणि देवळाकडं गेली. दगड कापायच्या मशीनचा आवाज कान फाडत होता, पांढरी धूळ सगळीकडं. बायका घमेली घेऊन फळीवरून वर चढत होत्या. खाली भिंतीला मारायच्या पाण्यासाठी हौद खणला होता, काठोकाठ भरलेला, त्याला ना कठडा ना झाकण. त्याच्या अलीकडं सळयांचा ढीग. आणि सळईला लुगड्याची चिंधी बांधलेली, तिचं दुसरं टोक पायलच्या घोट्याला. पोरगी धुळीत बसून खडे मांडत होती. तिचे केस, पापण्या सगळं पांढरं झालं होतं.

सुगराबी खाली बसली. तिनं पिंपापाशी नेऊन पोरीचे हात धुतले नाहीत. तिथं पिंप नव्हतं आणि बांधलेल्या पोरीला उठून जाता येत नव्हतं. तशाच हातांनी पायलनं खाल्लं. भराभरा, खाली मान घालून, डबा पुसून. मग तिनं आजीकडं बघितलं आणि पाय पुढं केला.

"आजी, सोड."

सुगराबीनं वर बघितलं. पायलची आई फळीच्या मध्यावर होती, डोक्यावर भरलेलं घमेलं, तिला खाली बघता येत नव्हतं. आज नाजिमा घरी होती, पण उद्यापासून मंतशा पुन्हा हिच्याच अंगावर, आणि पोरगी घरी न्यायची सोय आता उरली नव्हती. सुगराबीनं चिंधीला हात लावला. पोरीनं ओढून ओढून गाठ सैल केली होती. अजून दोन हिसके दिले असते तर सुटलीच असती.

"सोड ना आजी."

सुगराबीनं गाठ सोडली. पायल हसली आणि उठायला लागली. तिला खांद्याला धरून सुगराबीनं परत खाली बसवलं, चिंधी घोट्याभोवती नीट गुंडाळली, आणि दात आवळून दुहेरी गाठ मारली, सुटणार नाही अशी.